राज्य, पराक्रम, गौरव

मी एकटीच बोलतेय, हे माझ्या लक्षात यायला अर्धी ओळ जावी लागली. "आम्हाला वाइटापासून सोडव" इथपर्यंत जेवणाच्या टेबलावरच्या प्रभूच्या प्रार्थनेत चार आवाज होते: सासूबाईंचा खर्जातला, ऑल्विनचा तोंडातल्या तोंडात, एस्तेरचा पातळ आणि माझा. तिथं सासूबाईंनी नेहमीसारखं आमेन म्हणून कपाळाला, छातीला, खांद्यांना हात लावला. त्यांची प्रार्थना तिथंच संपते. कॅथलिकांची संपतेच, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. ऑल्विन म्हणजे माझा नवरा, तोही वसईचा कॅथलिक, पण त्याची प्रार्थना मासा दिसला की संपते. पुढची जी ओळ आहे, राज्य, पराक्रम, गौरव ही सगळी तुझी म्हणणारी, ती या घरात मी आणि एस्तेर म्हणतो. तिला बोलता यायला लागल्यापासून म्हणतो. आणि त्या संध्याकाळी मी "राज्य" म्हटलं, "पराक्रम" म्हटलं आणि कानाला काहीतरी कमी लागलं. डोळे उघडून बघते तर माझी चौदा वर्षांची मुलगी हामूर माशाचा तुकडा ताटात घेत होती. "गौरव" मी एकटीनं म्हटलं. एसीची घरघर, माझा आवाज आणि सासूबाईंच्या डावाचा भांड्याला लागलेला आवाज. "घे बाय, रस्सा घे, निवेल," त्या म्हणाल्या, आणि एस्तेरनं ताट पुढं केलं.

आता कुणी म्हणेल, एका ओळीचं काय एवढं घेऊन बसलीस. म्हणणाऱ्याच्या घरी सासू राहायला आलेली नसते. माझे पप्पा, कमलाकर भिंगारदिवे, नगर जिल्ह्यातल्या एका गावच्या प्रोटेस्टंट मंडळीचे पाळक. आमचं देऊळ म्हणजे चुन्यानं पांढऱ्या केलेल्या चार भिंती, एक टेबल, टेबलावर शास्त्र. ना मूर्ती, ना तसबीर, ना मेणबत्ती. लहानपणी उपासना लांबली की मी भिंतीवरच्या पाली मोजायचे, कारण त्या भिंतीवर बघण्यासारखं दुसरं काही नव्हतंच. पप्पा म्हणायचे, भिंत मोकळी असली की मन तिला चिकटून बसत नाही. आणि ती शेवटची ओळ आली की ते आवाज चढवायचे. मग सगळी मंडळी आवाज चढवायची, रानातून तशीच आलेली, अंगाला घामाचा आणि चाऱ्याचा वास असलेली माणसं, पत्रा दणाणायचा. घरी आल्यावर पप्पांनी मला एकदा समजावलं होतं, की बाळ, आधीच्या सगळ्या ओळींत आपण मागतो. भाकर दे, क्षमा कर, सोडव. या एकाच ओळीत आपण मागत नाही, देतो. ते मी एस्तेरला शिकवलं होतं, इथं, सौदीतल्या अल-खोबरच्या या चौथ्या मजल्यावर, ती एवढीशी असताना, मांडीवर घेऊन. तिनं तेव्हा विचारलं होतं, देवाला आपण गौरव देतो म्हणजे त्याच्याकडे आधी नसतं का? मी म्हटलं, ते मोठी झालीस की बघू. पण म्हणायची मात्र. मोठ्यानं म्हणायची.

खरं सांगायचं तर या वाळवंटात मी बिनविरोध निवडून आले होते. लग्न वसईला झालं, त्यांच्या चर्चमध्ये. मिश्र लग्न म्हणून मिस्सा, त्यांची मोठी उपासना, झालीच नाही, नुसता विधी. पप्पा शेवटच्या बाकावर ताठ बसून होते, सगळे गुडघ्यांवर गेले तरी ते बसूनच. ऑल्विननं फादरसमोर शब्द दिला की मुलं कॅथलिक वाढवीन. मला म्हणाला, अगं ती नुसती पद्धत असते. मी तेव्हा प्रेमात होते, मला सगळ्याच पद्धती नुसत्या वाटत होत्या. मग इथं आलो. इथं घंटा नाही, फादर नाही, पाळकही नाही. जो तो आपापल्या घरात दार लावून देवाचं नाव घेतो, आणि आमच्या घरात ते घेणारी मी होते. ऑल्विन प्लांटवरून आला की त्याला सोफा दिसतो. तेव्हा एस्तेरच्या कानावर जे पडलं ते माझं पडलं, भिंती माझ्या मोकळ्या राहिल्या, गाणी माझ्या पप्पांची. ऑल्विन मूग गिळून बसला होता, आणि मला वाटलं, मी जिंकले. गप्प बसलेल्या माणसाला हरलेला समजायची चूक आमच्या नगरच्या बायका फार करतात.

सासरे गेले आणि सासूबाई व्हिजिट व्हिसावर आल्या. आल्या त्या एका बॅगेत लाल मसाल्याच्या बाटल्या, सुके बोंबील आणि जपमाळ घेऊन. तिसऱ्या दिवशी हॉलमधल्या टीव्हीच्या कपाटावर पवित्र मारियेची एवढीशी तसबीर उभी. मी ती उचलून त्यांच्या खोलीत ठेवली. संध्याकाळी ती परत टीव्हीशेजारी. मी पुन्हा उचलली. आम्ही दोघीही एकमेकींना यावर एक शब्द बोललो नाही. तसबीर आपली बिचारी दिवसातून दोनदा जायची-यायची. आणि नेमकं यंदा रमझान आणि आमचा ईस्टरआधीचा उपवासकाळ एकाच दिवशी लागले. खाली कुबरा, ही आमची शेजारीण, मूळची श्रीवर्धनची, तिच्या घरी दिवसभर चूल थंड, आणि वर माझ्या घरी शुक्रवारी मटण-कोंबडी चालणार नाही म्हणून सासूबाईंचं फर्मान. शुक्रवार म्हणजे इथं सुट्टी, सुट्टी म्हणजे बिर्याणी, हा माझ्या संसाराचा नियम. मी हट्टानं केली. एस्तेरनं त्यातला फक्त भात खाल्ला, कोंबडीचे तुकडे एका बाजूला नीट रचले, आणि सासूबाईंनी त्या रचलेल्या तुकड्यांकडे असं बघितलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

यात भर शाळेची. एस्तेरची शाळा ब्रिटिश पद्धतीची. इतिहासाला त्यांना ट्यूडर राजघराणं चाललेलं. त्यांच्या मिसनं वर्गात दरबार भरवायचा ठरवलं: पोरगा राजा एडवर्ड, नऊ वर्षांचा असताना गादीवर बसलेला, कट्टर प्रोटेस्टंट, त्याची मोठी सावत्र बहीण मेरी, कट्टर कॅथलिक, स्वतःच्या घरात लपूनछपून नव्हे तर राजरोस मिस्सा करवणारी, आणि राजाचं मंत्रिमंडळ तिला दरबारात बोलावून सांगतं की हे बंद कर. मिसनं बजावलं होतं की धर्मावर कुणी मत द्यायचं नाही, हे राजकारण म्हणून बघा. एस्तेरला मेरी मिळाली. सुरुवातीला मला मजा वाटली, मी पण तिच्याबरोबर वाचलं. त्या पोराच्या राज्यात चर्चच्या भिंतींवरची चित्रं पुसून चुना फासला, हे वाचताना मला आमचं देऊळ आठवलं, पाली आठवल्या, भरून आलं. म्हटलं, शाब्बास पठ्ठ्या. पण एस्तेर जेवताना आजीला सगळी गोष्ट मराठी-इंग्रजीची भेळ करून सांगायची, की मेरी कशी आली लंडनला, बरोबर घोड्यांवर तिची सगळी माणसं, आणि प्रत्येकाजवळ जपमाळ, सगळ्या शहरानं बघावी म्हणून. सासूबाईंचा घास हातात राहिला. "बरं केलं," त्या म्हणाल्या. मला राहवलं नाही. म्हटलं, पुढचं पण सांग आजीला, हीच मेरी राणी झाल्यावर तिनं आपल्या माणसांना जिवंत जाळलं. "आपल्या?" ऑल्विन म्हणाला. मी म्हटलं, माझ्या. एस्तेर म्हणाली, "मम्मी, तिच्यानंतर क्वीन एलिझाबेथनं प्रीस्ट लोकांची पोटं फाडली. दे टुक टर्न्स." त्यांनी पाळीपाळीनं केलं. ती हे असं म्हणाली जसं काही बॅडमिंटनचा स्कोअर सांगतेय. "जेवा रे," ऑल्विन म्हणाला, आणि आम्ही जेवलो.

म्हणून ती ओळ गळली तेव्हा मला कळलं की हे रश्श्यासारखं वरवरचं नाही, आत मुरलंय. दुसऱ्याच दिवशी, दुपारची, असरची अजान होऊन गेली होती, मी बाजारातून आले तर हॉलमध्ये दोघी गुडघ्यांवर, समोर ती तसबीर, आणि एस्तेरच्या बोटांत मणी. ते मणी तिच्या बोटांतून इतके सवयीनं सरकत होते की मला कुणीतरी कानाखाली मारल्यासारखं झालं. मी पिशव्या खाली ठेवल्या. कोथिंबीर बाहेर पडली. म्हटलं, "आई, हे माझ्या हॉलमध्ये चालणार नाही. तुमच्या खोलीत काय करायचं ते करा, एकट्या करा." सासूबाई उठल्या नाहीत. त्यांनी हातातला मणी पुरा केला, मग मान वळवली. "सुखदा, या देशात यायचं म्हणून मला गावात सगळ्यांनी घाबरवलं होतं. म्हणाले, माळ नेऊ नको, कुणी काही बोलंल. मी आले. विमानतळावर कुणी बोललं नाय. खालची कुबरा माळ बघून म्हणाली, आमची तसबीह पण अशीच असते. बोललं कोण? तर माझी सून." हे त्या ओरडून म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या शांत होत्या, आणि खुर्ची उचलून वॉशिंग मशीन असलेल्या चिंचोळ्या खोलीत गेल्या. एस्तेरनं माझ्याकडे बघितलं नाही. तिनं तसबीर उचलली आणि आजीच्या मागं गेली. जाताना एवढंच म्हणाली, "यू आर द काउन्सिल, मम्मी." राजाचं मंत्रिमंडळ. मी.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ती खोली. मी मुद्दाम त्याच वेळी मशीन लावायची. चादरी, अभ्रे, धुतलेलेच टॉवेल पुन्हा. मशीन गरगरायचं आणि त्या गरगरण्याच्या वर त्या दोघींचं "नमो मारिये" चालूच. पाणी सोडायची वेळ आली की मशीन थांबतं, त्या तेवढ्या शांततेत एस्तेरचा आवाज स्वच्छ ऐकू यायचा, आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून दात खायची. बाई गं, मी देवाच्या नावाचा इतका राग करेन असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. एकदा दार ढकलून आत गेलेच. म्हटलं, "आई, तिला निदान प्रार्थना तरी पुरी करू द्या. ती ओळ का तोडायला लावलीत?" सासूबाई खरोखरच गोंधळल्या. मग त्यांच्या लक्षात आलं. "तोडली? आम्ही पण म्हणतो ती ओळ. मिस्सेत म्हणतो. पण मध्ये फादर बोलतो आणि मग लोकांनी ती म्हणायची. इथं फादर कुठं हाय? म्हणून थांबायचं." मला हे माहीत नव्हतं. एवढी वर्षं त्यांच्यात लग्न करून, पाळकाची मुलगी असून, मला हे माहीत नव्हतं. माहीत नव्हतं याचं वाईट वाटायला हवं होतं. मला राग आला, आधीपेक्षा जास्त आला, कारण म्हणजे ती ओळसुद्धा माझी एकटीची नव्हती. मी मशीनचं झाकण आपटून बाहेर आले.

कुबरा आली होती दारात, पुदिना मागायला. रोजा होता, ओठ सुकलेले. माझा चेहरा बघून म्हणाली, "अगो, काय झालं?" मी सगळं ओकले. माळ, ओळ, भिंत, मेरी राणी. तिनं ऐकून घेतलं. "पण येशू एकच ना तुमचा?" म्हणाली. मी म्हटलं, एकच असला म्हणून काय झालं! ती हसली, आणि घसा कोरडा म्हणून हसता हसता खोकली. "बरोबर हाय. आम्ही कोकणातले नमाजला जमातीत उभं राहिलो की आमीन मोठ्यानं बोलतो, हनफी पंथाचे लोक मनात बोलतात. माझ्या बहिणीचं हैदराबादच्या मुलाशी ठरत होतं. मुलगा आला, घरातल्या पुरुषांबरोबर नमाजला उभा राहिला, सगळ्यांनी आमीन म्हटलं, हा गप्प. आमच्या चाचांनी तिथंच नापास केला. आता ती बहीण इफ्तारीला पण त्या गोष्टीवरून चाचांशी भांडते. पुदिना देतेस ना?" मी दिला. तिच्या त्या गोष्टीनं मला शहाणपण यायला पाहिजे होतं. मला फक्त एवढंच वाटलं की चाचांचं बरोबर होतं.

आणि मग ऑल्विननं तोंड उघडलं. गाडीत, समुद्राकाठच्या कॉर्निश रस्त्याच्या सिग्नलला, समोर बघत. "ईदच्या सुट्टीत आई परत जातेय. एस्तेर जाईल तिच्याबरोबर. ईस्टर करून येईल." मी म्हटलं, ईस्टर करून म्हणजे? तर म्हणे वसईच्या फादरशी बोलणं झालंय. पहिलं कम्युनियन राहिलंय तिचं, इथं मिस्सा नाही म्हणून राहिलं, ते होईल, आणि दृढीकरण पण त्याच सुमाराला उरकता येईल. उरकता येईल! पोरीला कायमची त्यांची करून टाकायचं आणि शब्द काय, तर उरकता येईल. मी म्हटलं, आणि मला कधी सांगणार होतास, विमानतळावर? तो म्हणाला, "मी शब्द दिला होता सुखदा." म्हटलं, ती नुसती पद्धत होती ना? सिग्नल हिरवा झाला, मागच्यानं हॉर्न मारला. ऑल्विन म्हणाला, "बाबा गेल्यावर नाही वाटत तसं." हे मला ठाऊक नव्हतं, की त्याला काही वाटतं. मी काचेतून समुद्राकडे बघत बसले. मला भीती वाटली. भीती म्हणजे अगदी साधी, की ती परत येईल आणि माझ्याशेजारी बसून पप्पांचं गाणं म्हणणार नाही. म्हातारपणी, मी मरताना, ती माझ्या उशाशी दुसऱ्याच कुणाची प्रार्थना म्हणेल.

वर्गातला दरबार दुसऱ्या दिवशी होता. राजा होणारी इफरा तापानं फणफणली होती, म्हणून त्या दुपारी एस्तेर कागद घेऊन माझ्याकडे आली. "मम्मी, जस्ट रीड द किंग." मी चष्मा लावून डायनिंग टेबलाच्या टोकाला बसले, ती समोर उभी राहिली. सासूबाई सोफ्यावर लसूण सोलत होत्या. मी वाचायला लागले, मिसनं लिहिलेलं सोपं इंग्रजी. राजा म्हणतो, तू माझी बहीण, माझी प्रजा. राजा म्हणतो, फार दिवस मी सहन केलं. राजा म्हणतो, या राज्यात एकच प्रार्थना होईल. माझा आवाज चढत गेला, पप्पांचा चढायचा तसा. एस्तेर मान ताठ करून उभी होती, पप्पा वसईच्या शेवटच्या बाकावर बसले होते अगदी त्या मानेनं, आणि ती म्हणाली की महाराजांची आज्ञा मी सगळ्यात मानीन, फक्त मी गुडघे कुणापुढं टेकायचे ते मला सांगू नका. सासूबाईंचा लसूण थांबला. माझ्या कागदावर पुढची ओळ होती, मला ती दिसत होती, पण तोंडातून निघालं ते मराठी. "ईदच्या सुट्टीत तू कुठंही जाणार नाहीस." एस्तेर म्हणाली, "दॅट्स नॉट इन द स्क्रिप्ट." सोफ्यावरून आवाज आला, "जाणार ती. बोलणं झालंय." मी म्हटलं, "तुम्ही मध्ये पडू नका, माझी मुलगी आहे." "माझ्या मुलाची पण हाय." "मग तिलाच विचारू. एस्तेर, सांग आजीला." "सांग बाय, आईला सांग." आम्ही दोघी तिच्याकडे बघत होतो, आणि ती आमच्याकडे नाही, माझ्या हातातल्या कागदाकडे बघत होती. मग तिनं तो हळूच माझ्या हातातून काढून घेतला, इतर कागदांत नीट लावला आणि खोलीत निघून गेली. दारसुद्धा आपटलं नाही. आपटलं असतं तर मला सुचलं असतं काहीतरी बोलायला.

सूर्य बुडाला, मगरिबची अजान झाली, खाली कुबराच्या घरी इफ्तारीची भांडी वाजली, आम्ही टेबलाशी बसलो. सासूबाईंनी माशाला लाल मसाला लावला होता, मी भाकऱ्या केल्या होत्या. एस्तेर आली, बसली आणि खुर्ची पुढं ओढता ओढता म्हणाली, "आजी, मी वसईला येणार नाही." सासूबाईंच्या हातातला भाताचा डाव तसाच राहिला. आणि मला, खोटं कशाला सांगू, मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. म्हटलं, पप्पा, बघा. सासूबाईंचा चेहरा एकदम म्हातारा दिसत होता आणि मला त्याचीही दया आली नाही. मी हात जोडले, डोळे मिटले आणि सुरुवात केली, मोठ्यानं, पत्रा दणाणावा अशी. सासूबाई मागून आल्या, उशिरा, पण आल्या. ऑल्विन पुटपुटत होता. भाकर झाली, क्षमा झाली. मी कान लावून होते. "वाइटापासून सोडव" आलं, सासूबाईंनी आमेन म्हटलं, आणि मी श्वास घेऊन "राज्य" म्हटलं. आणि थांबले. कारण तेव्हा मला कळलं, की पातळ आवाज याच ओळीला कमी नाही. तो पहिल्या ओळीपासूनच नव्हता.

डोळे उघडले. एस्तेर हात मांडीवर ठेवून बसली होती, उघड्या डोळ्यांनी, शांत. आमची प्रार्थना संपायची वाट बघत होती, पाहुण्यांच्या घरी बसतात तशी. "तुमचं चालू द्या," ती म्हणाली. "मी नाही म्हणणार. तुझी पण नाही, आजीची पण नाही." आणि तिनं भाकरी मोडली.

"आमेन म्हण," सासूबाई म्हणाल्या.

"आमेन म्हण," मी म्हटलं.

एकाच वेळी निघालं ते, एकाच चढ्या आवाजात, एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा. एस्तेरनं माशाचा काटा काढून ताटाच्या कडेला ठेवला. "आता दोघी एक?" एवढंच म्हणाली आणि जेवायला लागली. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या आधीपासूनच माझ्याकडे बघत होत्या.